दोन तारखांच्या मधले दिवस : कर्करुग्णांसाठी आधारगट कसा उभारावा

केमोथेरपीच्या बऱ्याच औषधांचे चक्र २१ दिवसांचे असते. त्यातला एखादा दिवस रुग्ण रुग्णालयात सलाईन लावून काढतो आणि उरलेले २० दिवस घरी. उलट्या थांबत नाहीत, रात्री अकराला अंग तापते, दोन पाकिटांपैकी जेवणाआधीची गोळी कोणती ते आठवत नाही, सोबत येणाऱ्या मुलाची रजा संपते, हे सारे त्या २० दिवसांतच घडते. रुग्णालयाची पुढची तारीख आणि आजचा दिवस यांच्यामध्ये रुग्णाचे जे हाल होतात ते कमी करणे, एवढेच आधारगटाचे काम आहे. औषध सुचवणे हे त्याचे काम नाही, आणि ही मर्यादा पहिल्या दिवसापासून सर्वांनी पाळली तरच डॉक्टर आणि रुग्ण दोघेही गटावर विश्वास ठेवतात.

सुरुवात किती जणांनी करावी

पाच-सहा माणसे पुरतात. गट सुरू करताना नाव, फलक आणि निधी यांच्या मागे लागण्याची हौस प्रत्येकाला असते; ती दोन-तीन महिने बाजूला ठेवावी आणि एका वेळी फक्त दोन किंवा तीन रुग्णांची जबाबदारी घ्यावी. प्रत्येक रुग्णामागे एक समन्वयक असावा आणि रुग्णाच्या घरी त्याचाच फोन जावा. आमच्या गटाने सुरुवातीला हे केले नाही. एकाच दिवशी चार स्वयंसेवकांनी एकाच घरी फोन केले, चौघांनाही तीच सगळी हकीकत नव्याने सांगावी लागली, आणि संध्याकाळी रुग्णाच्या पत्नीने फोन उचलणेच बंद केले. तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी जवळच्या उपचार केंद्रातील समाजसेवक, परिचारिका किंवा उपशामक सेवेचा (वेदना आणि इतर त्रास कमी करणाऱ्या सेवेचा) विभाग यांपैकी कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलावे. त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, कोणत्या लक्षणांसाठी थेट आपत्कालीन विभागात यायचे, आणि आमच्याकडून कोणती माहिती आलेली तुम्हाला उपयोगी पडेल. तिसरा प्रश्न बहुतेक गट विचारत नाहीत, पण पुढे संबंध टिकतात ते त्याच प्रश्नामुळे.

रुग्णाला वाट दाखवणारा माणूस नेमण्याची कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शल्यविशारद हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये असा कार्यक्रम सुरू केला, कारण गरीब वस्तीतील स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाच्या फार पुढच्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचत होत्या. संशयास्पद तपासणी आणि प्रत्यक्ष उपचार यांच्या मधल्या वाटेवर कागदपत्रे, पैसे, भीती आणि चुकलेल्या तारखा असे अडथळे होते, आणि ते एकेक करून दूर करण्यासाठी त्यांनी माणसे नेमली. गटाने नव्या रुग्णासाठी हेच काम आधी घ्यावे : बायोप्सीचा अहवाल हातात आला का, पुढची तारीख पक्की झाली का, त्या दिवशी सोबत कोण जाणार आहे.

पहिली भेट

पहिल्या भेटीला दोघांनी जावे. एकाने रुग्णाशी बोलावे, दुसऱ्याने घरात शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीशी. आत शिरण्यापूर्वी मात्र एक गोष्ट फोनवरच विचारून घ्यावी, ती म्हणजे रुग्णाला आजाराबद्दल नेमके काय सांगितले आहे. अनेक घरांत निदान रुग्णापासून लपवलेले असते, आणि स्वयंसेवकाने नकळत उच्चारलेला एक शब्द त्या घरात मोठा स्फोट घडवू शकतो. लपवावे की सांगावे याचा निवाडा गटाने करू नये. रुग्णाने सरळ विचारलेच, तर खोटे बोलू नये आणि परस्पर सांगूही नये. “तुम्हाला काय वाटतं? डॉक्टरांना हे विचारायचं आहे का? मी सोबत येऊ?” असे म्हणता येते. बहुतेक वेळा रुग्णाला अंदाज असतोच. त्याला हवा असतो तो हे बोलायला एक माणूस.

“काही लागलं तर सांगा” हे वाक्य गटाच्या बोलण्यातून काढून टाकावे. काय मागता येते हे रुग्णाला ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी मागण्याचा संकोच असतो. त्याऐवजी ठरावीक काम ठरावीक वेळेसह पुढे करावे : “मंगळवारी रक्ततपासणी आहे ना? मी साडेसातला येतो, अहवाल घेऊनच परत येऊ.” अशा वाक्याला होकार किंवा नकार देणे सोपे जाते. नकार आला तर वाईट वाटून न घेता पुढच्या आठवड्यात दुसरे काम सुचवावे.

मनाची अवस्था मोजण्याची एक साधी रीत कर्करोग केंद्रांत वापरली जाते. गेल्या आठवड्यातला ताण ० ते १० मध्ये किती, असे विचारायचे आणि उत्तर ४ किंवा त्याहून अधिक आले तर पुढे चौकशी करायची. ती चौकशी व्यवहाराच्या अंगानेही करावी, कारण कधी ८ या आकड्यामागे मृत्यूचे भय असते, तर कधी मुलीच्या परीक्षेची फी असते. जगण्यात अर्थ नाही अशी वाक्ये वारंवार येऊ लागली, किंवा स्वतःला संपवण्याचा विषय निघाला, तर ती गोष्ट गुपित म्हणून ठेवू नये; त्याच दिवशी उपचार करणाऱ्या चमूला कळवावे आणि रुग्णाला एकटे सोडू नये.

ऐकलेले बाहेर जाता कामा नये, हे वेगळे सांगायला नको असे वाटते. पण सांगावे लागते. रुग्णाचे नाव, निदान आणि छायाचित्र गटाच्या संदेशांतसुद्धा त्याच्या संमतीशिवाय टाकू नये.

वही

गटाकडून रुग्णाला द्यायची सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे एक साधी, जाड पुठ्ठ्याची वही. आतल्या पहिल्या पानावर, चष्मा नसतानाही वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत पाच गोष्टी असाव्यात : आजाराचे नाव, चालू औषधांची यादी मात्रेसह, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, केमोथेरपीची शेवटची तारीख, आणि रात्रीचा फोन क्रमांक. छातीत किंवा हातात औषधासाठी कायमची नळी किंवा पोर्ट बसवलेला असेल तर तेही तिथेच लिहावे. आपत्कालीन विभागातल्या अनोळखी डॉक्टरला पहिल्या दोन मिनिटांत हेच हवे असते, आणि घाबरलेल्या नातेवाइकाला नेमके हेच आठवत नाही.

पुढच्या पानांवर रोज एक ओळ लिहावी : तारीख, तापमान, वेदना ० ते १० मध्ये किती, उलट्या किती वेळा, शौचाला झाली का, खाणे किती, झोप किती. एवढेच पुरे. “कालपासून बरं नाही” यापेक्षा “तीन दिवस शौचाला झालेली नाही, वेदना ३ वरून ७ वर गेली” हे डॉक्टरांना जास्त सांगून जाते. पुढच्या अवस्थेतल्या ७६६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही रुग्णांनी घरून नियमितपणे आपली लक्षणे कळवली आणि ती बळावताच परिचारिकेला सूचना गेली; त्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३१.२ महिने होते, तर नेहमीच्या पद्धतीने तपासल्या गेलेल्यांचे २६ महिने. औषध दोन्हीकडे नेहमीचेच होते. म्हणूनच वही भरली जाते आहे की नाही हे पाहणे, आणि भरली जात नसेल तर फोनवर विचारून समन्वयकाने स्वतः ती ओळ लिहिणे, हे गटाचे मुख्य नित्यकर्म समजावे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीच्या मागच्या बाजूने लिहावेत आणि एका भेटीसाठी तीनच निवडावेत. सोबत जाणाऱ्या स्वयंसेवकाने उत्तरे तिथेच टिपावीत व बाहेर आल्यावर रुग्णाला वाचून दाखवावीत, कारण वाईट बातमीनंतर बोललेले बरेचसे कानावरून निघून जाते.

कधी थांबायचे नाही

हा भाग प्रत्येक स्वयंसेवकाला तोंडपाठ असावा, आणि वर्षातून दोनदा त्याची उजळणी घ्यावी.

ताप ही पहिली गोष्ट. केमोथेरपीनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी सर्वांत कमी असतात, आणि त्या काळात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप ही आणीबाणी असते. रुग्ण बसून बोलत असेल, चहा पीत असेल, तरीही. सकाळपर्यंत वाट पाहू नये. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवू नये, कारण त्यामुळे एकमेव खूण झाकली जाते. तापमान मोजायचे, रात्रीच्या क्रमांकावर फोन करायचा आणि निघायचे. पेशी फार कमी असताना ताप न येताही संसर्ग असू शकतो, त्यामुळे थंडी वाजून हुडहुडी भरली किंवा रुग्ण अचानक गोंधळल्यासारखा बोलू लागला, तरी हेच करावे. प्रत्येक रुग्णाच्या घरी चालू स्थितीतला थर्मामीटर आहे का, हे पहिल्याच भेटीत पाहावे. गटाचा पहिला खर्च बहुधा तोच असतो.

पाठीत नव्याने उठलेली आणि आडवे झाल्यावर वाढणारी वेदना, त्यासोबत पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची चिन्हे असू शकतात. इथे तासांचा हिशोब असतो. चालू शकणाऱ्या रुग्णावर लवकर उपचार झाले तर त्याचे चालणे टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते. एकाच पायाला सूज, अचानक धाप, छातीत दुखणे, न थांबणारा रक्तस्राव, चेहरा व मान सुजणे, २४ तास पोटात पाणीही न टिकणे, यांसाठीही थेट निघावे. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे औषध, घेणाऱ्यांच्या बाबतीत एक अधिकची काळजी घ्यावी लागते. त्यांना होणारे जुलाब, नवा खोकला किंवा पुरळ औषधाच्या प्रतिक्रियेमुळे असू शकते, आणि ते औषध बंद झाल्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकते. म्हणून “पोट बिघडलंय” असे समजून घरगुती उपायांवर वेळ घालवू नये.

घरातली रोजची मदत

केमोथेरपीनंतर सुमारे ४८ तास रुग्णाच्या लघवी, शौच व उलटीत औषधाचे अंश असू शकतात. साफसफाई करणाऱ्याने हातमोजे घालावेत, शौचालयाचे झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, माखलेले कपडे वेगळे धुवावेत, आणि घरात गरोदर स्त्री असेल तर तिने हे काम करू नये. काही औषधांसाठी हा काळ जास्त असतो, तेव्हा परिचारिकेला विचारून नेमका आकडा वहीत लिहावा. रुग्णाला जवळ घेण्यात, त्याच्यासोबत जेवण्यात कसलाही धोका नाही. कर्करोग असा पसरत नाही. हे वाक्य काही घरांत पुन्हा पुन्हा, नातवंडांच्या देखत, मोठ्याने सांगावे लागते.

थकव्यावर पडून राहणे हा उपाय नाही, हे रुग्णाला पटणे कठीण जाते. डॉक्टरांची परवानगी असेल तर आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम थकवा कमी करतो, आणि सोबत चालायला ठरलेल्या वेळी येणारा माणूस हे त्यावरचे सर्वांत चांगले औषध आहे. हाडांत आजार पसरला असेल तर व्यायामाचा प्रकार आधी विचारून घ्यावा.

आहाराबाबत सल्ल्यांचा पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा रुग्णाला उपाशी ठेवणारा असतो. साखर किंवा सगळी प्रथिने बंद करून गाठ विरघळत नाही. वजन मात्र झपाट्याने घटते, आणि त्यामुळे पुढची मात्रा पुढे ढकलावी लागते. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समजही तितकाच घातक. सेंट जॉन्स वॉर्ट ही उदासीसाठी घेतली जाणारी वनस्पती इरिनोटेकॅन या केमोथेरपीच्या क्रियाशील अंशाचे रक्तातले प्रमाण घटवते, म्हणजे रुग्ण त्रास सोसतो आणि औषध पुरते लागू पडत नाही. रुग्णाने असे काही सुरू केलेच असेल तर त्याला रागावू नये. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जाऊ, असे म्हणावे. रागावले की बाटली कपाटात लपते.

वेदना

जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगातील वेदनांसाठी पायऱ्यांची पद्धत (वेदना वाढेल तसे साध्या गोळीपासून मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकापर्यंत जाण्याची) १९८६ मध्ये प्रसिद्ध केली, तरीही मॉर्फिनचे नाव निघताच “म्हणजे आता शेवट आला” असे घरातले लोक धरून चालतात. स्वयंसेवकाने चार गोष्टी शांतपणे सांगाव्यात. मॉर्फिन वेदनेच्या तीव्रतेनुसार दिले जाते, उरलेल्या आयुष्यानुसार नाही. ते दुखणे उठल्यावर नव्हे, ठरलेल्या वेळांना घ्यायचे असते. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, पण बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून सारक औषध सोबतच लागते. आणि ते मनाने एकदम बंद करायचे नाही, तसेच सावकाश विरघळणारी गोळी कुटून द्यायची नाही. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलुपात ठेवाव्यात आणि मोजून वहीत नोंदवाव्यात.

उपशामक सेवेचेही तसेच आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा मिळाली, त्यांना नैराश्य कमी आले आणि त्यांचे मध्यम आयुर्मान ८.९ ऐवजी ११.६ महिने झाले. तेव्हा “उपशामक विभागाला एकदा भेटू या का” हा प्रश्न पहिल्या महिन्यातच विचारावा. ज्यांना या कामाचा समाजाधारित नमुना पाहायचा असेल त्यांनी केरळकडे पाहावे. १९९३ मध्ये कोझिकोड येथे सुरू झालेल्या सेवेभोवती पुढे शेजारपाजारच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले आणि परिचारिकांच्या घरभेटी त्यांच्या आधारावर चालू लागल्या.

शुश्रूषा करणारी व्यक्ती

तिची वही कोणी लिहीत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तीन तास स्वयंसेवकाने रुग्णाजवळ बसावे आणि तिने घराबाहेर पडावे. सुरुवातीला ती जात नाही. शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाते.

उपचार संपल्यानंतर

शेवटच्या रेडिएशननंतर घरात पेढे वाटले जातात आणि बहुतेक गट तिथे हात झटकतात. ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे मत आहे. स्वतः कर्करोगातून गेलेले अमेरिकी डॉक्टर फिट्झह्यू मुलन यांनी १९८५ मध्येच लिहिले होते की बचावणे ही निदानाच्या दिवशी सुरू होणारी, अनेक ऋतूंमधून जाणारी गोष्ट आहे. रुग्णालयात रोज भेटणारी माणसे एकदम भेटेनाशी होतात, घरचे म्हणतात “आता विसर”, आणि साधी डोकेदुखीही मेंदूत गाठ असल्याची शंका घेऊन येते. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात झोप उडते. समन्वयकाने त्या तारखा स्वतःच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवाव्यात आणि आदल्या संध्याकाळी फोन करावा.

याच वेळी डॉक्टरांकडून उपचारांचा लेखी सारांश मागून घ्यावा : कोणती औषधे, एकूण किती मात्रा, रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला, पुढची तपासणी कधी आणि कोणती. दहा वर्षांनी तो कागद लागतो. डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोथेरपीच्या औषधांचा परिणाम हृदयावर उशिरा दिसू शकतो, सिस्प्लॅटिनचा श्रवण, मूत्रपिंड व नसांवर, आणि मानेला दिलेल्या रेडिएशननंतर थायरॉइड मंदावू शकते. लहान वयात छातीला रेडिएशन मिळालेल्या मुलींची स्तनांची तपासणी इतरांपेक्षा बरीच आधी सुरू करावी लागते. काखेतल्या लसीकाग्रंथी काढलेल्या असतील तर हातात जडपणा, अंगठी घट्ट होणे, अशी सूज सुरुवातीलाच ओळखावी लागते, कारण मुरलेली सूज आवरणे अवघड असते. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या हार्मोनच्या गोळ्या ५ ते १० वर्षे चालतात आणि मधेच सोडल्या जातात, बहुधा सांधेदुखीमुळे किंवा अंगातून निघणाऱ्या वाफांमुळे, आणि त्याबद्दल विचारले नाही तर स्त्रिया सांगत नाहीत. लैंगिक अडचणी, अपत्य होण्याची चिंता यांचेही तसेच. हे विषय समान अनुभवाच्या व्यक्तीने, त्याच लिंगाच्या, एकांतात काढावेत.

बैठका आणि अनुभवी सोबती

टेरेस लॅसर या स्तनाच्या शस्त्रक्रियेतून गेलेल्या महिलेने १९५२ मध्ये अमेरिकेत नव्या रुग्णांना भेटायला जाण्याचे काम सुरू केले, तेव्हा डॉक्टरांना ही लुडबुड वाटली होती. आज तोच प्रकार अनेक ठिकाणी रूढ आहे. सोबती निवडताना आजार शक्यतो तोच असावा, त्याचे उपचार संपून किमान एक वर्ष झालेले असावे, आणि त्याला स्वतःची कहाणी आवरता यावी. “मला तर काहीच झालं नाही” असे म्हणणारा सोबती नव्या रुग्णाला एकटा पाडतो.

मासिक बैठकीत आठ ते बारा जण आणि दीड तास, याहून जास्त नको. रुग्ण आणि शुश्रूषा करणारे यांना निदान अर्धा वेळ वेगळे बसवावे, कारण एकमेकांसमोर दोघेही खरे बोलत नाहीत. आजार पसरलेल्या रुग्णांना शक्य असेल तर वेगळा गट द्यावा. बरे झालेल्यांच्या टाळ्यांमध्ये त्यांना बसवत नाही. कोणत्याही औषधाची, वैद्याची किंवा उत्पादनाची जाहिरात बैठकीत होणार नाही, हा नियम दारावरच सांगावा.

स्वयंसेवकाकडे एका वेळी दोनपेक्षा अधिक घरे नसावीत, आणि महिन्यातून एकदा स्वयंसेवकांचीच बैठक व्हावी, जिथे त्यांना थकलो असे म्हणता येईल. ज्याच्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे त्याला लगेच घरभेटींवर पाठवू नये, मग त्याची इच्छा कितीही असो. वाहतूक, कागदपत्रे, फोन ही कामे त्याला द्यावीत.

गटातला रुग्ण गेला तर पुढच्या बैठकीत ते स्पष्ट शब्दांत सांगावे. रिकामी खुर्ची सर्वांना दिसतच असते. समन्वयकाने त्या घरी पहिल्या आठवड्यात जावे, उरलेले मॉर्फिन मोजून रुग्णालयात परत करायला मदत करावी, आणि वही कुटुंबाला ठेवायची आहे का ते विचारावे. त्यानंतर सहा आठवड्यांनी, लोकांची ये-जा थांबलेली असते तेव्हा, पुन्हा जावे.